रेटिनोब्लास्टोमा: केमो शिरेतून की थेट डोळ्याच्या धमनीत?

बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, रेटिनोब्लास्टोमाचं, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचं, निदान होतं, आणि डोळा वाचवण्याजोगा असेल तर केमोचे दोन मार्ग समोर येतात.

शिरेतून दिली जाणारी केमो जुनी, अनेक ठिकाणी मिळणारी. औषधं तीन: व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड, कार्बोप्लॅटिन. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बहुधा ६ सायकल. औषध सगळ्या अंगात फिरतं, त्यामुळे पांढऱ्या पेशी घटतात. या काळात बाळाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. कार्बोप्लॅटिनचा कानांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून श्रवणतपासणी मागून घ्या. गाठ आक्रसल्यावर बहुतेकदा लेझर किंवा क्रायोही (गाठ गोठवण्याचा उपचार) लागतं.

दुसऱ्या मार्गात भूल देऊन जांघेतल्या धमनीतून बारीक नळी डोळ्याच्या धमनीपर्यंत नेतात आणि मुख्यतः मेल्फालान हे केमोचं औषध तिथेच सोडतात. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली या पद्धतीने उपचार सुरू झाले. अंगाला त्रास कमी. पण रक्तवाहिनी बंद पडून दृष्टी जाऊ शकते. खर्च मोठा, तज्ज्ञ मोजके.

गाठ एकाच डोळ्यात असेल, तर मी धमनीच्या मार्गाबद्दल आधी विचारेन. दोन्ही डोळ्यांत असेल किंवा बाळ काही महिन्यांचंच असेल, तर शिरेतली केमो. रोग डोळ्याबाहेर गेल्याची शंका असेल, तर नुसती धमनीतली केमो पुरत नाही.