उन्हाळी लागली म्हणून गेले आणि 14,750 रुपयांना बुडाले

14,750 त्या 'मोफत' तपासणी शिबिरवाल्यांनी नेले. नंतर दवाखान्याचं बिल 23,480. एकूण 38,230 रुपये. लिहिताना लाज वाटतेय, कारण दुखणं लघवीचं होतं आणि आपल्याकडे बाई ताप आला तर सांगते, हे सांगत नाही. त्यावरच तर यांचं दुकान चालतं.

एप्रिल महिना. सोलापूरचं ऊन काय सांगायचं! मी नवी पेठेत एका कापड दुकानात हिशेब बघते. बायकांसाठी सोय म्हणजे मागच्या बोळातला एक संडास, त्यालाही आतून कडी नाही. म्हणून निघताना अर्धा ग्लास पाणी आणि मग रात्री घरी येईपर्यंत नुसते घोट. जळजळ सुरू झाली. सारखं जावंसं वाटायचं आणि गेलं की चार थेंब. उन्हाळी लागली म्हणून सब्जा घेतला, धने-जिऱ्याचं पाणी घेतलं. चार दिवसांत फरक नाही. नेहमीच्या दवाखान्यात कंपाउंडर आमच्या गल्लीतलाच, त्याच्यासमोर काय सांगणार? एवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, रविवारी शिबिर आहे. बायकांचंच, मोफत."

मोफत म्हणजे नोंदणीचे 50. हातात धातूची कांडी धरायला दिली, लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या पळाल्या आणि मिनिटभरात जाडजूड रिपोर्ट बाहेर आला. त्याचे 500. पांढरा कोट घातलेली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, किडनी चाळीस टक्के खराब आहे. घरी लगेच सांगू नका, घाबरतील."

इथंच मला कळायला हवं होतं. तक्रार लघवीची आणि तिथं कोणी लघवीची बाटलीसुद्धा पुढे केली नाही! शंभरेक बायका, एकीचीही लघवी तपासली नाही. त्याहून वाईट सांगते. रिपोर्टात 'प्रोस्टेट : सौम्य बिघाड' असं छापलं होतं. मी विचारलंही, हे काय ओ? ती म्हणाली, "ते सगळ्यांचंच येतं." मी मान डोलावली! प्रोस्टेट पुरुषांना असतं हे बारावीतल्या माझ्या मुलीनं नंतर सांगितलं. तीस हजार मीटर कापडाचा हिशेब एका मीटरनं चुकला तरी मला सापडतो, आणि हे सापडलं नाही. पण किडनी गेली म्हटल्यावर डायलिसिसच डोळ्यांपुढे येतो, तुम्हीही गांगरला असता. तीन महिन्यांचा कोर्स 14,200. भिशीचे 6,200 रोख दिले, 8,000 मोबाईलवरून. पावती म्हणून पेननं लिहिलेली चिठ्ठी. पक्कं बिल न देणाऱ्याकडून औषध घेऊ नका, एक रुपयाचंही.

पावडर घेतल्यावर जळजळ वाढली. फोन केला तर म्हणे, "घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे." अकराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, पाठीत बरगडीखाली ठणका, उलट्या. मुलीनं रात्रीच दवाखान्यात नेलं. लघवीत पू भरलेला, जंतुसंसर्ग किडनीपर्यंत चढलेला. तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक. शुगर निघाली 268, तीही मला माहीत नव्हती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आपला मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, जंतू पटकन वर जातात. पाळी जायच्या वयात आणि शुगर असली तर जास्तच. पहिल्या दोन दिवसांत आला असता तर बहुधा पाच दिवसांच्या गोळ्यांत भागलं असतं." ते वाक्य अजून टोचतं.

पोलीस ठाण्यात गेले. "पैसे तुम्हीच दिले ना?" हा पहिला प्रश्न. मग भरल्या खोलीत मोठ्यानं, "त्रास नेमका कसला होता?" बाकावरचे सगळे पुरुष वळून बघत होते. तिथून औषधांच्या ऑफिसला पाठवलं. तिथं म्हणे, डब्यावर 'आहारपूरक' लिहिलंय, हे दुसऱ्या टेबलाचं. दुसरं टेबल रजेवर. चौथ्या खेपेला तो भेटला तर म्हणाला, मूळ बिल आणा. अहो, बिल असतं तर आले कशाला असते? शिबिराच्या पत्रकावर 'मधुमेह, मुतखडा मुळापासून बरा' असं छापलंय. अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. मी कायद्याचं नाव लिहून नेलं, तर साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि अर्ज आवक-जावकला द्यायला सांगितलं. चार खेपांत चार अर्ध्या दिवसांचा पगार कापला, म्हणजे आणखी 900. शेवटी ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार टाकली. निदान नंबर तरी मिळाला.

जळजळ दोन दिवसांत थांबली नाही तर लघवीची साधी तपासणी करा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत ते वाढवून बघायची तपासणी. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. घरातल्या उरलेल्या गोळ्या आधी गिळू नका, कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलटी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा. पोटुशी असाल तर नुसत्या जळजळीलाही थांबू नका. आणि मुलीबाळींनो, दुकानमालकाकडे कडी मागा. मी परवा मागितली, बसवली त्यानं. 40 रुपयांची कडी!

काकूंना त्या रविवारी स्टीलचा कुकर मिळाला होता. लकी ड्रॉमध्ये लागला असं मी समजत होते. त्यांनी पाच बायका नेल्या होत्या, मी चौथी. रोज साडेअकराला त्याची शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू येते.