एसएसएल लॅब्जची सर्व्हर टेस्ट: सर्टिफिकेट एररचा दोष कुणाकडे, हे आधी ठरवा

छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. ‘साइट उघडत नाहीये, तुमचं कनेक्शन खाजगी नाही असं येतंय’ असा फोन आला की मला आधी एकच गोष्ट शोधायची असते: बिघाड सर्व्हरवर आहे की फोन करणाऱ्याच्या मशीनवर? हे ठरेपर्यंतची सगळी धडपड वाया जाते. लोक कॅश साफ करतात, ब्राउझर काढून पुन्हा टाकतात, कुणी तर फोनच रीसेट करतं, आणि इकडे सर्व्हरवरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची, मुदत आदल्या रात्रीच संपलेली असते. सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि सुरक्षित जोडणी बाहेरून तपासणारी क्वालिस कंपनीची एसएसएल लॅब्ज सर्व्हर टेस्ट ही वेबसाइट मी वापरते ती यासाठी. 2009 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही.

डोमेनचं नाव टाकायचं आणि सबमिट करायचं. त्याआधी खालच्या चौकोनात टिक मात्र नक्की करा, नाहीतर नुकत्याच तपासलेल्या साइटच्या जाहीर यादीत तुमच्या क्लायंटचं नाव ग्रेडसकट दिसू शकतं. मग काही मिनिटं वाट बघायची. क्लायंट फोनवर ताटकळत असताना ही मिनिटं फार लांब वाटतात, पण जे हाती येतं ते थांबण्याच्या लायकीचं असतं.

सगळ्यांची नजर मोठ्या अक्षरातल्या ग्रेडवर जाते. मला तो ग्रेड सर्वांत कमी कामाचा वाटतो. अपवाद ‘टी’चा: हा ग्रेड दिसला की सर्टिफिकेटवर ब्राउझर विश्वासच ठेवणार नाहीत, म्हणजे दोष सर्व्हरकडे. नाव जुळत नसेल तर तपासणी सुरुवातीलाच अडते आणि तसं स्पष्ट सांगते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं नाव सर्टिफिकेटमध्ये आहे आणि नसलेलं नाही, असा घोळ इथे लगेच उघडा पडतो. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (डोमेनच्या अनेक सबडोमेनना मिळून एकच असलेलं) फक्त एकाच पातळीच्या सबडोमेनला चालतं, हेही अनेकांना इथेच पहिल्यांदा कळतं.

या टेस्टचं खरं मोल कळतं ते अर्धवट साखळीच्या वेळी. साखळी म्हणजे साइटच्या सर्टिफिकेटपासून ब्राउझरचा आधीच विश्वास असलेल्या मूळ सर्टिफिकेटपर्यंतची रांग. एका संस्थेची साइट माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये व्यवस्थित उघडत होती, फायरफॉक्समध्येही उघडत होती, पण त्यांच्या ॲपला सर्व्हरशी जोडणीच करता येत नव्हती. होस्टिंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडे तर चालतंय.’ रिपोर्टमध्ये ‘चेन इश्यूज’समोर ‘इनकम्प्लीट’ लिहिलेलं आणि ग्रेड ‘बी’वर अडकलेला. खाली साखळीच्या चित्रात पहिल्या सर्टिफिकेटसमोर ‘सेंट बाय सर्व्हर’, दुसऱ्यासमोर ‘एक्स्ट्रा डाउनलोड’. म्हणजे मधलं, इंटरमीजिएट सर्टिफिकेट सर्व्हर पाठवतच नव्हता. डेस्कटॉपवरचा क्रोम असं राहिलेलं सर्टिफिकेट स्वतः जाऊन आणतो. फायरफॉक्सकडे ओळखीच्या इंटरमीजिएट सर्टिफिकेटांचा साठा आधीपासून असतो. बऱ्याच ॲपना आणि जावा किंवा पायथनमधल्या प्रोग्रॅमना यातलं काहीच जमत नाही, ते सरळ नकार देतात. इलाज एका ओळीचा होता: एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘सर्ट’ नावाच्या फाइलऐवजी पूर्ण साखळी असलेल्या ‘फुलचेन’ फाइलचा पत्ता द्यायचा आणि सर्व्हर रीलोड करायचा. तो रिपोर्ट पाठवल्यावर वाद तिथेच संपला. निव्वळ ब्राउझरमध्ये उघडून बघत राहिलो असतो तर हा दोष दिसलाच नसता.

‘कधी उघडते, कधी एरर येते’ ही तक्रारही अशीच छळते. एका डोमेनमागे अनेक आयपी पत्ते असतील तर टेस्ट प्रत्येक पत्ता वेगळा तपासते. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर नवं सर्टिफिकेट आणि आयपीव्ही6 या नव्या पद्धतीच्या पत्त्यावर अजून जुनंच, हे मी अशाच रिपोर्टमध्ये पाहिलं आहे.

रिपोर्ट स्वच्छ निघाला की मोर्चा फोन करणाऱ्याच्या मशीनकडे वळवायचा. आधी तारीख आणि वेळ. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की जुना कॉम्प्युटर काही वर्षं मागे जातो आणि मग जवळजवळ प्रत्येक साइट एरर देते. तारीख बरोबर असेल तर ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटचा तपशील उघडून त्यातला एसएचए-256 फिंगरप्रिंट (सर्टिफिकेट ओळखण्याचा अक्षरं-आकड्यांचा संकेत) रिपोर्टमधल्या फिंगरप्रिंटशी ताडून बघायला सांगते. रिपोर्टमध्ये कधीकधी दोन सर्टिफिकेटं असतात, एक आरएसएचं आणि एक ईसीचं (किल्लीचे हे दोन प्रकार). कुठल्याही एकाशी जुळलं तरी पुरे. एकाशीही जुळलं नाही तर मध्ये कुणीतरी सर्टिफिकेट बदलतंय. बहुतेक वेळा ते अँटिव्हायरस किंवा ऑफिसचा फायरवॉल असतो आणि ‘इश्युअर’च्या (सर्टिफिकेट देणाऱ्याच्या) जागी त्याचंच नाव दिसतं. अनोळखी नाव दिसलं, विशेषतः सार्वजनिक वायफायवर, तर ‘तरीही पुढे जा’ अजिबात दाबू नका. एचएसटीएस, म्हणजे ‘मला फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडा’ हा ब्राउझरला दिलेला आदेश, चालू असलेल्या साइटवर तो पर्यायच मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘बटण कुठे गेलं?’ असं क्लायंट विचारतात, त्याचं उत्तरही रिपोर्टमधल्या ‘स्ट्रिक्ट ट्रान्सपोर्ट सिक्युरिटी’च्या, म्हणजे एचएसटीएसच्याच, ओळीत सापडतं.

मर्यादा आहेत. ही टेस्ट इंटरनेटवरून दिसणारे सर्व्हरच तपासते आणि तेही 443 पोर्टवरच, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या नेहमीच्या दारावरच. ऑफिसच्या आतला सर्व्हर, राउटरचं पान, मेल सर्व्हर यांच्यासाठी टेस्टएसएसएल ही स्क्रिप्ट किंवा ओपनएसएसएलची ‘एस-क्लायंट’ कमांड वापरावी लागते. सगळा रिपोर्ट इंग्रजीत आणि लांबलचक असतो. नवख्या माणसाला त्यात नेमकं काय बघायचं हे कुणीतरी दाखवायला हवं. आणि ‘ए प्लस’ मिळाला म्हणून साइट सुरक्षित झाली असं समजणाऱ्यांना मी दरवेळी थांबवते: हा ग्रेड जोडणीचा आहे, साइटच्या कोडचा नाही.

या टेस्टची गरज पुढे वाढतच जाणार आहे. सर्टिफिकेटच्या मुदतीची कमाल मर्यादा सप्टेंबर 2020 पासून 398 दिवस होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार ती 15 मार्च 2026 पासून 200, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येते. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांकडून तारखा चुकणारच, म्हणून स्वयंचलित नूतनीकरण लावल्यावरही मी प्रत्येक साइट इथून एकदा तपासून घेते. तुम्हीही दुरुस्तीनंतर पुन्हा तपासाल तेव्हा रिपोर्टच्या वरच्या ‘क्लिअर कॅश’वर आधी क्लिक करा, नाहीतर साठवलेला जुनाच निकाल समोर येतो.