तेलाच्या डब्याची तोटी : पैसे वसूल, फक्त वायसर बदलून घ्या

१५ किलोचा तेलाचा डबा ज्यांच्या स्वयंपाकघरात येतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पिशवी कापून बरणीत ओतणारी मंडळी पुढे गेली तरी चालेल.

चिंचवडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या भाजीला सूर्यफूल, दिवाळीच्या चकली-कडबोळ्यांना शेंगदाणा. सीलबंद डबा आला की इतकी वर्षं आमच्याकडे एकच पद्धत होती : जाड स्क्रूड्रायव्हर, त्यावर बत्त्याचा ठोका, एका कोपऱ्यात मोठं भोक, समोरच्या कोपऱ्यात बारीक. डबा फुटतो, तेलही येतं, पण अर्धं डब्याच्या अंगावरून येतं. त्याहून वाईट म्हणजे वर साचतं ते. डब्याच्या वरच्या पत्र्याला चारी बाजूंनी उभी कड असते, त्यामुळे तिथे आपोआप थाळी तयार होते. त्या थाळीत तेल बसतं, त्यावर पीठ उडतं (पोळ्यांचं केंद्र म्हटल्यावर उडणारच), आणि दुसऱ्या दिवशी डबा वाकवला की तो सगळा चिकटा आधी किटलीत उतरतो. बाई कितीही टापटिपीची असो, डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद रोज बदलावा लागतो.

यंदा बोहरी आळीतून तोटी आणली. रविवार पेठेत झारे-कढया घ्यायला गेले होते, तिथे एका दुकानात खोक्यात पडलेली दिसली. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना पत्ता. दुकानदार चारशे म्हणाला, ३४०ला दिली. स्टीलची आहे आणि दोन भागांत येते. एक मोठी तोटी : खालचं टोक तिरकं कापून धार लावलेलं, त्याच्या वर रुपयाएवढी चकती, चकतीखाली काळा रबरी वायसर, आणि बाजूला डब्याच्या कडेला धरणारा आकडा. आकड्याला अंगठ्याने फिरवायचा स्क्रू. दुसरा भाग छोटा : टोचा, वर बारीकशी नळी आणि तिला फिरकीचं झाकण. हा हवेसाठी. दोन्ही झाकणं साखळीने बांधलेली, त्यामुळे हरवत नाहीत. साखळी मात्र इतकी हलकी आहे की तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

आधी फोडायचं काम कसं होतं ते सांगते, कारण तिथेच अशा वस्तू नापास होतात. टोक कोपऱ्यात, कडेला अगदी लगटून ठेवायचं आणि तळहाताने दाबायचं. डब्याचा पत्रा जेमतेम पाव-एक मिलिमीटरचा, फार जोर लागत नाही. टोकाची तिरकी धार पत्र्याची जीभ कापते आणि आत मुडपते. ही जीभ एका बाजूला पत्र्याला चिकटलेलीच राहते, तुटून तेलात पडत नाही. स्क्रूड्रायव्हरने फोडलं की भोकाला दाते येतात, आणि कधीकधी पत्र्याचा कण आत जातो. चकल्यांच्या तेलात पत्र्याचा कण म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. एक लक्षात ठेवा, फोडायच्या आधी वरचा पत्रा ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसून घ्या. गोदामातली धूळ तिथेच बसलेली असते. आणि पत्र्यावरचा कथलाचा मुलामा फक्त वरवरचा असतो, कापलेल्या जागी उघडं लोखंड राहतं. तिथे पाणी राहिलं की गंज चढतो.

आता धार. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे वजनाला हलकं. पण वाहायला पाण्याहून पन्नासपटीने तरी सुस्त, आणि थंडीत आणखी. त्यात डबा सीलबंद. तेल बाहेर आलं तितकी हवा आत जायला हवी. एकच भोक असेल तर त्याच वाटेने तेल बाहेर आणि हवा आत, दोघांची ढकलाढकली होते आणि डबा गचके देत ओततो. किटलीबाहेर उडणारं तेल याच गचक्यांचं. या तोटीची छोटी नळी समोरच्या, तिरप्या कोपऱ्यात बसवायची. डबा वाकवल्यावर तो कोपरा सगळ्यात वर जातो, तेल तिथे पोचत नाही, हवा निमूट आत जाते. धार सलग पडते, करंगळीएवढी, मधे न तुटता. मला सगळ्यात आवडलं ते हे की हवेच्या नळीवर बोट ठेवलं की धार लंगडायला लागते. मोजून तेल घ्यायचं असेल तेव्हा किटली भरत आली की बोट ठेवायचं, धार मरते, मग डबा सरळ करायचा. आमच्या मावशी दोन दिवसांत शिकल्या. भरलेला नवा डबा मात्र पहिल्यांदा वाकवताना दोघी लागतातच, तोटी काय जादू करणार आहे.

(जाता जाता : डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर, ते बघून घेत जा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरच्या डब्यात त्या हिशोबाने पावणेचौदा किलोसुद्धा येत नाही. वाण्याकडे भाव विचारताना हा फरक विसरला जातो आणि मग स्वस्त वाटलेला डबा महाग पडतो.)

खरी गंमत धार थांबताना आहे. ओतताना कुठलीही तोटी बरीच दिसते. डबा सरळ करायला लागलं की धारेचा जोर कमी होतो, तेलाला कडेवरून उडी मारायला ताकद राहत नाही, ते धातूला चिकटतं आणि चोचीच्या खालून मागे वळतं. हाच ओघळ. चहाच्या किटलीचं, दुधाच्या पातेल्याचंही हेच दुखणं. विद्वानांनी यावर गणितं मांडलीत बरं का. १९९९चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे तो हसवणारा नोबेल, त्यात ज्याँ-मार्क व्हँडेन-ब्रोक या प्राध्यापकांचं किटलीच्या न ओघळणाऱ्या तोंडाचं गणित होतं. मुलाने मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, त्यांना आमच्या ओट्यावर पाठव.

उपाय तसा साधा आहे आणि या तोटीत तो केलाय. चोच पुढे काढून खाली झुकवली आहे आणि शेवटची कड बारीक, धारदार ठेवली आहे. बोट फिरवलं तर टोचेल इतकी नाही, पण नख अडकतं. जाड, गोल कडेवरून तेलाला मागे वळायला सोपी वाट मिळते. बारीक, झुकलेल्या कडेवरून एकदम उलटं वळण घ्यावं लागतं, ते जमत नाही, आणि थेंब तिथेच तुटतो. शेवटचा एखादा थेंब राहतो, नाही असं नाही. तो टिपायला चोचीखाली पन्हाळी ठेवली असती आणि ती परत आत वळवली असती तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण डब्याच्या अंगावर ओघळ नाही, वरच्या थाळीत तेल नाही. कागद बदलायचं काम बंद झालं.

आता तक्रार. वायसर. सुरुवातीला घट्ट बसतो. झाकण लावून डबा रात्रभर आडवा ठेवला, खाली कागद, सकाळी कागद कोरडा. मी खूश. पण दिवाळीच्या गडबडीत दोन-तीन डबे झाले आणि तोटीच्या बुडाशी ओल दिसायला लागली. काढून बघितलं तर वायसर फुगून मऊ पडलेला, चकतीच्या बाहेर आलेला, बोटाला काळं लागत होतं. स्क्रू आवळला तर आणखी बाहेर येई आणि खालचा पत्रा वाकायला लागला. पत्रा वाकला की खेळ खलास, मग कितीही आवळा, गळणारच.

माझे सासरे खडकीला आर्मीच्या वर्कशॉपात फिटर होते. ऐंशी ओलांडलीत, पण असं काही बिघडलं की चष्मा पुसून बसतात. त्यांनी वायसर दोन बोटांत दाबला, वास घेतला आणि बाजूला ठेवला.

"साधं रबर आहे ग हे. तेल पितं."

"मग काय लावू, अण्णा?"

"आम्ही पेट्रोल-डिझेलला नायट्राइल लावायचो. तू खाण्याच्या तेलाला लावणार, तर फूड ग्रेड सिलिकॉन माग. आणि स्क्रू असा आवळू नकोस, नळ आहे का तो? बोटांनी लागेल तेवढाच."

कुकरच्या शिट्ट्या-गास्केटं विकणाऱ्याकडे पांढरा सिलिकॉनचा वायसर मिळाला, २० रुपयांत. भोक थोडं लहान होतं, अण्णांनी कात्रीने मोठं केलं. त्यानंतर ओल नाही. म्हणजे ३४० रुपयांच्या वस्तूत वीस रुपयांच्या मालावर काटकसर केलीय. रबर तेलात फुगतं हे बनवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि काळं लागणारं रबर खाण्याच्या तेलाला लावून विकणं मला अजिबात पसंत नाही. एक तारा त्यासाठी कापला.

वायसर बसवता बसवता अण्णांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. आपला हा चौकोनी डबा मुळात चार गॅलनचा, रॉकेलच्या जमान्यातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेचं पेट्रोलही उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तसल्याच पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून जायचं. ट्रकमध्ये हादरे बसले की शिवणी उसवायच्या आणि पेट्रोल वाळूत. सोल्जर त्या डब्यांना 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू, म्हणत, आणि रिकामा डबा अर्धा कापून, वाळू-पेट्रोल भरून त्यावर चहा करत. जर्मनांकडे २० लिटरचा दाबून-जोडून केलेला कॅन होता. त्याचं झाकण तरफेने आवळायचं, हरवायची सोय नाही. आणि तोंडाच्या आत हवेची नळी, म्हणून गचके न खाता ओततं. ब्रिटिशांनी हातात सापडलेले कॅन वापरायला सुरुवात केली आणि शेवटी तसेच स्वतः बनवले. तोच जेरीकॅन. "तुझ्या तोटीत नवीन काही नाही," अण्णा म्हणाले, "हवेची वाट आणि घट्ट झाकण. बाकी सगळं सजावट." सासऱ्यांच्या तोंडून कुठल्याही वस्तूची याहून जास्त स्तुती मी ऐकलेली नाही.

आता पर्यायांबद्दल, कारण विचारणार तुम्ही. काही डब्यांवर हल्ली कंपनीचीच प्लास्टिकची तोटी येते, बूच काढून रिंग ओढायची आणि तोटी वर खेचायची. ती असेल तर वेगळी तोटी घेऊ नका. फक्त ती रिंग हळू ओढा. झटका दिला की रिंग हातात आणि पडदा तिथेच, मग सुरी घेऊन बसा. हवेसाठी वेगळं भोक तिथेही लागतं, ते कुणी करत नाही आणि मग तोटीला नावं ठेवतात. दुसरा पर्याय हातपंप. डबा उचलायचा नाही, म्हणून कंबरदुखीवाल्यांना सोयीचा. पण पंपाच्या नळीत तेल राहतं, ते नंतर ठिबकत बसतं. काही पंप तर एकदा सुरू झाले की हात काढला तरी वाहत राहतात, वरची हवेची चकती सैल करेपर्यंत. तळाचं तेल पंपाला लागत नाही, शेवटी डबा वाकवावा लागतोच. आणि नळी आतून धुवायची कशी? महिनाभर त्यात शेंगदाण्याचं तेल राहिलं की खवट वास येतो. ही स्टीलची तोटी गरम पाणी आणि साबणाने आतून-बाहेरून स्वच्छ होते, पूर्ण कोरडी करून ठेवायची.

वनस्पती तूप वापरणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये, घट्ट माल या भोकातून यायचा नाही. पामतेलही थंडीत गोठायला लागतं, तेव्हा धार बसते.

भंगारवाला भोक पडलेल्या डब्याला कमी पैसे देतो, ही तक्रार आमच्या शेजारच्या वडेवाल्याने केली. देऊ दे. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८च्या पॅकेजिंगच्या नियमांत वापरलेला टिनचा डबा पुन्हा तेल-तूप भरायला वापरायला मनाईच आहे. कोपऱ्यात असं स्वच्छ कापलेलं भोक असलेला डबा निदान सील लावून पुन्हा बाजारात येणार नाही.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात तीन गोष्टी बघा. चोचीच्या कडेवर नख फिरवा. गोल लागली तर ठेवून द्या, ओघळ येणारच. हवेचा भाग वेगळा आहे ना ते विचारा, कारण तशाच दिसणाऱ्या एकाच भागाच्या तोट्याही तिथे दीडशेला मिळतात. आणि आकडा स्वतः उघडून बघा, डब्याच्या उभ्या कडेत तो पूर्ण शिरला पाहिजे. माझ्या पाकिटातल्या पहिल्या नगाचा शिरत नव्हता, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला.

पाचपैकी चार तारे. सिलिकॉनच्या वायसरसकट विकली तर चारशे द्यायलाही माझी ना नाही.