स्टीलचा स्क्रूवाला कंपास, 160 रुपये : भूमितीच्या रचनांसाठी एकदम भारी, मोठ्या वर्तुळाला मात्र निरुपयोगी

मी भुसावळला नववी-दहावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे कंपास या वस्तूबद्दल माझी मतं जरा जास्तच कडक आहेत. हा घेतला जळगावला, फुले मार्केटजवळच्या एका स्टेशनरीवाल्याकडून. वर कंपनीचं नावबिव काही नाही. दोन पायांच्या मधे आडवा स्क्रू आणि त्यावर छोटं चाक, चाक फिरवलं की पाय उघडतात-मिटतात आणि सोडलं की जिथल्या तिथे राहतात. पोरांच्या पेटीत जो येतो तो नुसता वरच्या खिळ्यावर अडकलेला असतो, नवा आहे तोवर ठीक, दिवाळीनंतर इतका सैल होतो की 4 सेमी अंतर घेऊन कंस काढायला गेलं तर शेवटाला 4.2 झालेलं असतं आणि पोरगं म्हणतं मॅडम मी तर स्टेप्स बरोबर केल्यात.

दुकानदार काका म्हणाले, "हाऊ लई जाय ताई, यानी गॅरंटी मनी." (हा घेऊन जा, याची गॅरंटी माझी.) गॅरंटीचं सोडा, मी तिथेच काउंटरवर एक वर्तुळ काढलं आणि चाकाला हात न लावता तेच अंतर परिघावर एकापुढे एक मारत गेले. सहावी खूण जिथून सुरू केलं त्याच बिंदूवर आली पाहिजे, कारण वर्तुळात बसणाऱ्या सुसम षटकोनाची बाजू त्रिज्येएवढीच असते, आणि कंपासात थोडी जरी ढिलाई असली तरी सहा वेळा साठून ती डोळ्यांना दिसते. याची आली. कोणताही कंपास घेताना हे करून बघा, अर्धं मिनिट लागतं आणि दुकानदार काही म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल 160 रुपये कशाला, दहावीला गणित भाग 2 चा, म्हणजे भूमितीचा, पेपरच 40 मार्कांचा, त्यात रचना किती येतात. पण बघा, रचना उभ्या असतात लोकसवर, आणि लोकस म्हणजे तरी काय, एखादी अट पाळणारे सगळे बिंदू. एका बिंदूपासून सारखं अंतर असेल तर वर्तुळ, दोन बिंदूंपासून सारखं असेल तर लंबदुभाजक, कोनाच्या दोन बाजूंपासून सारखं असेल तर कोनदुभाजक. सगळीकडे 'सारखं अंतर' आहे, आणि ते अंतर सांभाळायचं काम कंपासचं. तोच घसरला तर अटच मोडली, मग पुढे कितीही स्वच्छ रेघा मारा.

माझं आवडतं उदाहरण नववीचं, परिमिती आणि पायालगतचे दोन कोन दिलेत, त्रिकोण काढा. समजा परिमिती 12 सेमी, कोन 60 आणि 90. PQ 12 सेमीची रेघ, P ला निम्मा म्हणजे 30, Q ला 45, दोन्ही किरण भेटले तो A. मग PA चा लंबदुभाजक PQ ला कापेल तो B, QA चा कापेल तो C. पोरं इथपर्यंत पाठ करून येतात, पण का विचारलं की गप्प. अहो B हा PA च्या लंबदुभाजकावर आहे म्हणजे BP आणि BA सारखे, तसंच CQ आणि CA सारखे, म्हणजे ती 12 सेमीची रेघ तुम्ही दोन ठिकाणी मोडून वर A ला नेऊन जोडलीत, बस. आणि तपासायला सोपं, त्रिकोण 30-60-90 आहे म्हणून AB हा BC च्या बरोबर दुप्पट हवा, 5.1 ला थोडा कमी आणि 2.5 ला थोडा जास्त. या कंपासने आला. पेटीतल्याने त्याच दिवशी BC 2.8 आला होता.

परिवर्तुळाला, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाला, पण फरक कळतो. तीन बाजूंचे तीन लंबदुभाजक एका बिंदूत मिळायला पाहिजेत, ढिल्या कंपासने मधे चिमुकला त्रिकोण उरतो आणि मग त्यातला कुठला बिंदू धरायचा यावर वर्गात मतदान. मी आमच्या जळगाव जिल्ह्याचा नकाशा देते, भुसावळ, यावल आणि फैजपूर या तिघांना सारखं अंतर पडेल अशी जागा शोधा. छान त्रिकोणाच्या आतच येते. मग भुसावळच्या जागी रावेर घ्यायला सांगते. तिन्ही गावं जवळजवळ एका ओळीत, त्यामुळे दुभाजक एकमेकांना अगदी तिरपे कापतात आणि केंद्र पळतं थेट उत्तरेला सातपुड्याकडे, कागदाच्या बाहेर. इथे केसभर चूक झाली तरी केंद्र कुठच्या कुठे जातं आणि हे कोणत्याच कंपासला चुकत नाही, या बिचाऱ्यालाही नाही.

आता याची खोट. पाय फार उघडत नाहीत, साधारण 11 सेमी त्रिज्येपर्यंत ठीक, पुढे शिसं तिरपं टेकतं आणि रेघ जाड येते. फळ्यासाठी तर नाहीच. चाक बारीक असल्यामुळे 2 सेमीवरून 9 वर जायचं तर फिरवत बसा, परीक्षेत पोरं वैतागतात. टोक उघडंच आहे, झाकण नाही, दप्तरात वही फाटेल. दहावीच्या स्पर्शिकेला मात्र मस्त, वर्तुळाचं केंद्र O आणि बाहेरचा बिंदू P जोडून OP व्यासाचं वर्तुळ काढायचं, ते मूळ वर्तुळाला जिथे कापतं तिथे अर्धवर्तुळातला कोन म्हणून 90 अंश, त्रिज्येला लंब म्हणजे स्पर्शिका. छेदनबिंदू नीट टोकदार मिळाला की स्पर्शिका वर्तुळाच्या पोटात घुसत नाही.

ज्याला खाज आहे त्याने पट्टी बाजूला ठेवून नुसत्या कंपासने रेषाखंडाचा मध्यबिंदू काढून बघावा. पट्टी-कंपासने जे बिंदू मिळतात ते सगळे एकट्या कंपासने मिळतात, हे डेन्मार्कचा गणिती मोहर याने 1672 मध्ये आणि इटलीचा गणिती मास्केरोनी याने 1797 मध्ये दाखवून ठेवलंय. कंस इतके होतात की सैल कंपास मध्यावरच हात टेकतो. याने मात्र मध्यबिंदू निघतो.

सोबत शिसं एकच येतं, 2 मिमीचं, तेही बोथट. पॉलिश पेपरवर एका बाजूने तिरकं घासून घ्या आणि जास्तीची शिसं तिथेच मागून घ्या, काका मागितल्याशिवाय देत नाहीत.