डायोड लेझर : काखेत पास, हनुवटीवर काठावर

केस काढायच्या लेझरच्या काही महिन्यांच्या सेशननंतर काखा आणि पिंढऱ्या जवळपास साफ आहेत, हनुवटी मात्र अर्धवटच. मशीन तेच, ८०८ नॅनोमीटरचा (ही प्रकाशाची तरंगलांबी) डायोड, फरक केसांचा. लेझर केसातलं मेलॅनिन तापवतो आणि ती उष्णता मूळ जाळते. काखेतला केस जाड आणि काळा, म्हणून लवकर दाद देतो. गालावरची लव दाद देत नाहीच, उलट जबड्याच्या कडेला लेझरनंतर केस वाढल्याचंही दिसतं, आपल्याकडच्या बायकांत जास्त. लव काढायला थ्रेडिंगच बरं, 'फुल फेस' पॅकेज कितीही गळ्यात मारलं तरी.

हनुवटीवर राठ केस आणि पाळीची गडबड असेल तर आधी पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी. हार्मोन बिघडलेले असताना जुने केस जळतात आणि नवे येतच राहतात. अशांना पॅकेज संपल्यावरही अधूनमधून सेशन लागतात, हे आधी कुणी सांगत नाही.

नागपुरात रामदासपेठ-धरमपेठेत लेझर क्लिनिकच्या पाट्या भरपूर आहेत. आत गेल्यावर पहिला प्रश्न मशीनच्या नॅनोमीटरचा. ७५५चा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेसाठी. सावळ्या त्वचेला ८०८-८१० चालतो, पण जपून. गडद रंगाला १०६४चा एनडी-याग सर्वांत सुरक्षित, फक्त दुखतो जास्त आणि बारीक केसांवर कमी पडतो. आयपीएल हा लेझर नाहीच, तो झगझगीत दिवा. दुसरा प्रश्न, सेटिंग डॉक्टर ठरवतात की टेक्निशियन? ज्यूल (ऊर्जा), पल्स (झोताचा वेळ) आणि स्पॉट साइज (झोताची रुंदी) दर वेळी कार्डावर लिहून मागा. पहिल्या सेशनपासून शेवटपर्यंत आकडे तेच असतील तर कारण विचारा.

आदल्या दिवशी रेझर फिरवायचा. वॅक्सिंग-थ्रेडिंग चार आठवडे आधीपासून बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला धरायला काही उरत नाही. शॉटनंतर केसांच्या मुळांभोवती लालसर, काटा आल्यासारखी सूज काही तास राहिली तर काम झालं समजा. त्वचा राखाडी-पांढरी पडली किंवा फोड आला तर तो भाजल्याचा प्रकार, तिथेच थांबवायचं. नंतर एक ते तीन आठवडे केस वर येताना दिसतात. ते गळणारे असतात, ओढू नका. चेहऱ्याला साधारण चार आठवड्यांचं अंतर, अंगाला सहा ते आठ. एकूण सहा ते आठ सेशन, आणि तेव्हाही केस कायमचे कमी होतात, शून्य नाही.

आता नागपूरचं ऊन. उन्हानं रापलेली त्वचा लेझरची ऊर्जा स्वतःच शोषते आणि डाग पडतो. चेहरा दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत उरकावा. गाडीवर स्कार्फ बांधला तरी हाताचे पंजे आणि मनगटं उघडीच राहतात, त्यांचं सेशन एप्रिल-मेमध्ये नकोच. काखा झाकलेल्या, त्यांना उन्हाळाही चालतो.

याच क्लिनिकांत 'टोनिंग'ही विकलं जातं, म्हणजे वांगावर कमी ऊर्जेचा क्यू-स्विच्ड (अगदी क्षणिक झोतांचा) १०६४ लेझर. डाग फिके होतात, थांबलं की परततात, आणि घाईघाईनं दर आठवड्याला केलं तर बारीक पांढरे ठिपके पडू शकतात, ते भरायला फार वेळ लागतो. वांगाला आधी आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन आणि डॉक्टरांचं क्रीम. मेडिकल स्टोअरमधून आणलेलं स्टेरॉइडचं 'गोरं करणारं' क्रीम नव्हे. त्यानं चेहऱ्याची कातडी पातळ होते. निदानच नक्की नसेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांची त्वचारोग ओपीडी आहे.

मुरुमांच्या खड्ड्यांना फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे त्वचेवर बारीक छिद्रं पाडणारा कार्बन डायऑक्साइड लेझर, १०,६०० नॅनोमीटर. आठवडाभर खपल्या, आणि आपल्या रंगात नंतर काळपटपणा काही महिने रेंगाळू शकतो, म्हणून हेही हिवाळ्यातच करायचं.

पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. कानामागे किंवा जबड्याखाली टेस्ट पॅच घेऊन आठवडा-दोन आठवडे पाहा, मग सुट्या दरानं दोन सेशन, आणि फरक दिसला तर पुढचे. पांढरे केस मोजून वेगळे ठेवा : त्यांत रंगच नाही, तिथे लेझर फुकट जातो आणि इलेक्ट्रोलिसिसच (सुईतून वीज देऊन एकेक मूळ मारणं) लागतं.