गिटार सेटअप किट: पट्टी उत्तम, कानशी जपून

ऑनलाइन हजार-दीड हजारांत अकूस्टिक गिटारच्या सेटअपचं जे किट मिळतं, त्यात डबीवर नाव कुठलंही असलं तरी माल साधारण एकच असतो. तारांची उंची मोजायची स्टीलची पट्टी, बारीक फटी मोजायचं 32 पात्यांचं फीलर गेज, फ्रेटबोर्डचा (नेकवर तारा दाबतो त्या भागाचा) गोलावा तपासायचे साचे, अ‍ॅलन कीचा जुडगा, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कोरायच्या बारीक कानशी आणि पॉलिश पेपरचे तुकडे. कोकण किनाऱ्यावरच्या गावांत गिटारचा जाणता कारागीर हाकेच्या अंतरावर मिळणं कठीण, त्यामुळे स्टीलच्या तारांची गिटार वाजवणाऱ्याने असं किट घरी ठेवावं. मात्र त्यातली निम्मी हत्यारं मोजायची आहेत आणि निम्मी कापायची. पहिल्या निम्म्यावर पैसे वसूल होतात, दुसऱ्या निम्म्याने गिटार बिघडू शकते.

पट्टी सर्वांत कामाची. गिटार सुरात लावून, वाजवताना धरतो तशी मांडीवर धरून, बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. जाड ई तार 2.4 मिमी आणि बारीक ई तार 1.8 मिमीच्या आसपास असेल तर बहुतेकांच्या बोटांना सोसवतं. जाड तार 3 मिमीच्या वर गेली की बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून) धरताना मनगट दुखायला लागतं. पट्टी घेताना आकडे कोरलेले आहेत ना ते बघा. नुसते छापलेले असतील तर पुसले जातात. खाऱ्या हवेत स्टीलला गंज लवकर धरतो, म्हणून वापरून झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा.

फीलर गेज गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंगला वापरतात त्याच जातीचं असतं आणि ते चांगलं निघतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली पाती सरकवून बघा. 0.15 ते 0.25 मिमीचं पातं तार न हलवता जेमतेम जात असेल तर नेकचा बाक बरोबर आहे. अंतर जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने आवळायचा, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. मग पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजायचं. इथे किटमधल्या अ‍ॅलन की कमी पडतात. बहुतेक गिटारींना 4 किंवा 5 मिमीची की लागते आणि ते माप जुडग्यात असतंही, पण साउंडहोलच्या आत खोलवर असलेल्या ट्रस रॉडच्या नटापर्यंत आखूड की पोचत नाही. लांब दांड्याची की वेगळी घ्या. नरम लोखंडाची की फिरवून नटाचे कोपरे गोल झाले तर मोठं काम निघतं.

ट्रस रॉड नेकचा बाक सुधारतो, तारांची उंची ठरवायचं काम त्याचं नाही. कोकणात हा घोळ फार होतो, कारण पावसाळ्यात उंची वाढते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती कित्येक दिवस 85-90 टक्क्यांच्या खाली येत नाही. वरची फळी ओलावा पिऊन आडवी पसरते, आतून चिकटवलेल्या पट्ट्या तिला धरून ठेवतात, मग ती ब्रिजच्या (तारा अडकवलेल्या लाकडी ठोकळ्याच्या) मागे वर फुगते. ब्रिज उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा. ब्रिजमागे सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. थोडी फुगवट बांधणीतच असते, पण पट्टी झोपाळ्यासारखी डुलायला लागली तर फळी ओल धरून बसली आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर तारा सैल करून थांबा, डिंक सुटला आहे. तिथे या किटचा काही उपयोग नाही.

म्हणूनच भर पावसात सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती हाडाची पट्टी) घासू नये. श्रावणात घासून तारा बेताच्या उंचीवर आणल्या, तर पौषात फळी सुकून खाली बसते आणि तारा फ्रेटवर फडफडतात. घासलेलं हाड परत वाढत नाही. आधी गिटार सिलिका जेल घालून बंद केसमध्ये आठवडाभर ठेवा, मग मोजा. तरीही दर पावसाळ्यात उंची जाचत असेल तर हाडाची दोन सॅडल बनवून ठेवणं सर्वांत शहाणपणाचं, एक पावसाळी आणि एक हिवाळी. बदलायला फक्त तारा सैल कराव्या लागतात.

सॅडल कमी करायचं गणित सोपं आहे: बाराव्या फ्रेटवर जितकं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलच्या तळातून काढायचं. 0.5 मिमी हवं तर 1 मिमी. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर 150 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तळ घासा आणि सुतारी गुण्याने काटकोन तपासा. खाली पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) असेल तर तळ जरा जरी वाकडा राहिला तरी एखादी तार मंद ऐकू येते. ब्रिजच्या वर निदान 2 मिमी सॅडल शिल्लक हवं, नाहीतर तारेचा दाब कमी पडून आवाज मरतो. माथा मात्र सपाट करू नका. तार रुंद सपाट माथ्यावरून गेली की तंबोऱ्याच्या जवारीसारखी झिणझिणते. मिरजेचे कारागीर ती मुद्दाम साधतात. गिटारला ती नको असते.

आता कानशी. स्वस्त किटमध्ये त्या नावाने बऱ्याचदा गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या काड्या येतात. त्या वाकतात, खाच रुंद करतात आणि तार खाचेत खुळखुळते. नट तपासायला तार दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर केसभर फट उरली पाहिजे, साधा झेरॉक्सचा कागद 0.1 मिमीचा असतो, त्याहून जास्त नको. खोल गेलेल्या खाचेची खूण म्हणजे फक्त मोकळी तार खरखरते, दाबली की साफ वाजते. अशी खाच सुपर ग्लू आणि खायच्या सोड्याने भरून पुन्हा कोरता येते, पण तो तात्पुरता इलाज. खाच कोरायचीच असेल तर तारेच्या मापाची चांगली कानस वेगळी घ्या आणि तिचा उतार हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) ठेवा.

गोलाव्याचे साचे सॅडलच्या माथ्याचा आकार उतरवायला बरे, एवढंच. एकूण किटला पाच गुणांपैकी साडेतीन. खर्च आवरायचा असेल तर पट्टी, फीलर गेज आणि लांब अ‍ॅलन की सुटी घ्या आणि उरलेल्या पैशांत केसमध्ये ठेवायला छोटं डिजिटल आर्द्रतामापक आणा. किटमध्ये ते नसतं, आणि किनाऱ्यावर पट्टीच्या आधी तेच बघावं लागतं.