क्लच सेटमधली फसवणूक: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काउंटरवर काय पाहावं

जुन्या गाडीचा क्लच घरी बदलणाऱ्याला फसवणं सोपं असतं. माल एकदा बसला की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बंद होतो, आणि तो पुन्हा पाहायचा तर ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, माउंटिंग सगळं परत उतरवावं लागतं. एवढं करून दुकानात गेलं, तरी उत्तर तयार असतं: "फिट केलेला माल परत घेत नाही. तुमचं फिटिंग चुकलं."

परळच्या एका सोसायटीत जुन्या वॅगन आरला बसवलेल्या सेटचं असंच झालं. खोका नामवंत कंपनीचा, वर होलोग्राम, सील शाबूत. थोड्याच दिवसांत गाडी पार्किंगच्या रॅम्पवर पहिल्या गिअरमध्ये थरथरू लागली, मग चढावर इंजिन गरजायचं पण गाडी उचलायची नाही. उघडल्यावर कळलं की क्लच प्लेटचा लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, तेवढा नवा होता. डिस्क, मधला दातेरी हब, धक्के झेलणाऱ्या डॅम्पर स्प्रिंगा वापरलेल्या. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट घासून, काळा रंग मारून खोक्यात भरलेली.

हा माल ओळखता येतो. प्लेट हातात घ्या आणि मधल्या हबचे दाते नखाने चाचपा. नव्या दात्यांची कड सरळ असते, वापरलेल्यांवर शाफ्टने पाडलेली पायरी लागते. डॅम्पर स्प्रिंगा थोड्या खुळखुळल्या म्हणून प्लेट जुनी ठरत नाही, काही नव्या प्लेटमध्येही त्या सैल असतात. लायनरची जाडी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. माप कमीजास्त आलं तर गाडी थरथरणार, मग फिटिंग कितीही नेटकं करा. मारुतीच्या गाड्यांत रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागापासून 0.5 मिमीपेक्षा कमी खोल राहिलं की प्लेट बाद. नव्या प्लेटमध्ये ते स्पष्टपणे खोल दिसायला हवं.

खरी चोरी मात्र प्रेशर प्लेटमध्ये असते, आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. डायफ्रामच्या, म्हणजे तिच्या मधल्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या, बोटांची टोकं बघा. पेडल दाबल्यावर या बोटांना ढकलणारं रिलीज बेअरिंग घासून तिथे चकचकीत गोल पट्टा पडतो, आणि रंग मारला तरी त्याचा खड्डा बुजत नाही. बोटं एका पातळीत नसतील तर क्लच नीट सुटणार नाही, रिव्हर्स टाकताना गिअर करकरेल. घर्षणाच्या चेहऱ्यावर निळसर डाग म्हणजे ती आधी तापलेली आहे. चेहरा लेथवर घासला असेल तर त्याची जाडी कमी होते, दाब बिघडून क्लच घसरू शकतो. रिलीज बेअरिंग फिरवून बघा: आवाज किंवा अडखळणं नको.

घाई हे फसवणाऱ्याचं दुसरं हत्यार. गाडी पार्किंगमध्ये उघडी पडलेली, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतायत, अशा वेळी माणूस मिळेल तो सेट उचलतो. म्हणून चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून सेट आधी घ्या, गाडी मग उघडा. गिअरबॉक्स उतरल्यावर, बसवण्याआधी, नवी प्लेट गिअरबॉक्सच्या दातेरी इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. ती अलगद सरकली पाहिजे, डुगडुगता कामा नये. जुनी प्लेट शेजारी ठेवून व्यास आणि हबची उंची जुळवा.

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलकडे दुर्लक्ष नको. तिथून तेल गळत असेल तर अस्सल प्लेटही घसरेल, आणि दुकानदाराला तेच कारण पुरेल. सील त्याच वेळी बदला. शाफ्टच्या दात्यांवर (स्प्लाइनवर) ग्रीसचा पातळ थर द्या, उरलेलं पुसा, लायनरला तेलकट हात लावू नका. अलाइनमेंट टूलने प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, टॉर्क रेंचने आवळा. या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. "तुमचं फिटिंग चुकलं" याला तोच पुरावा.

"बिल नको असेल तर कमी करतो" ही सवलत घेऊ नका. वाद झाला तर कच्च्या चिठ्ठीवर काही सिद्ध करणं फार अवघड जातं. जीएसटीच्या पक्क्या बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर सेट परत द्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे खोका, बिल आणि काढलेला सदोष सेट तोवर जपून ठेवा, भंगारात घालू नका.